समुद्राकडची वाट सातबाऱ्यावर नसते

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मालवण आणि वेंगुर्ला यांच्या मधल्या एका किनारी गावात मी राहते आणि गेल्या निवडणुकीत ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून निवडून आले आहे. आमच्या वाडीतली, सुरूच्या बनाला लागून असलेली बारा एकर जमीन मुंबईच्या एका कंपनीला हवी आहे. तिथे साठ खोल्यांचे दुमजली रिसॉर्ट आणि पोहण्याचा तलाव होणार आहे. जमीन सामाईक आहे आणि तिच्यात आमच्याही घराचा हिस्सा आहे. मुंबईत नोकरी करणारे माझे दादा विकायला तयार आहेत. ‘गोव्यातले लोक कुठे पोहोचले ते बघ,’ असे ते म्हणतात. काका आणि रापणकर मंडळी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छिमार, विरोधात आहेत, तर तरुण मुले विचारतात की इथे राहून आम्ही करायचे काय. कंपनीचा माणूस सांगतो की आता नियम शिथिल झाले आहेत आणि भरतीरेषेपासून पन्नास मीटर सोडले की पुरे. विषय येत्या ग्रामसभेत येणार आहे. मी कोणाच्या बाजूने उभे राहावे, आणि दादांना काय सांगावे?

सप्रेम नमस्कार.

दादांचा प्रश्न मी शेवटी घेते, कारण त्याचे उत्तर आधीच्या गोष्टी नीट झाल्याशिवाय देता येणार नाही. आधी बाजू निवडण्याविषयी लिहिते. तुमच्या पत्रात काका आणि तरुण मुले एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली दिसतात, पण दोघांचे म्हणणे मला एकाच चिंतेतून आलेले वाटते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सगळे राज्य वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला जिल्हा आणि शेजारचा रत्नागिरी हे दोन्ही होते. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी आणि एरवी कुलूप लावलेली घरे तुमच्याही वाडीत असतील. रापण ओढायला दोन्ही टोकांना माणसांची रांग लागते, आणि ती रांग मुंबईला गेली तर किनारा कितीही मोकळा राखला तरी रापण बंदच पडेल. म्हणून गावात तरुणांना काम असणे ही गावपण टिकवण्याची पहिली अट आहे, आणि हे काकांना सांगण्याचे धैर्य तुम्ही दाखवायला हवे.

काकांची भीतीही तितकीच खरी आहे. तुमच्यासमोर आज एक कंपनी आहे, पण दबाव एका कंपनीचा नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाहून विमाने उडू लागली, महामार्ग रुंद झाला, सागरी महामार्गाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, आणि मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोची, म्हणजे राज्य सरकारच्या शहर नियोजन महामंडळाची, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक जाहीर झाली, तेव्हा ज्यांनी आधी कोकणाकडे पाहिलेही नव्हते त्यांनीही जमिनीचे भाव विचारायला सुरुवात केली. ही कंपनी गेली तर दुसरी येईल. त्यामुळे या एका प्रस्तावाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून तुमच्या गावाचा प्रश्न सुटणार नाही. गावाने कोणत्या गोष्टी कोणालाही, कोणत्याही भावाला द्यायच्या नाहीत हे आधी ठरवून, लिहून, ठरावात घेतले पाहिजे. तुम्ही उभे राहायचे असेल तर या कामासाठी उभ्या राहा, असा माझा सल्ला आहे.

या गोष्टी कोणत्या, यावर लोक लगेच कौलारू छपरे, चिऱ्याच्या भिंती आणि अंगणातले तुळशीवृंदावन यांच्याकडे बोट दाखवतात. मला ते पुरेसे वाटत नाही. उत्तम कौले, चिरे आणि जांभ्याच्या पायऱ्या वापरून बांधलेल्या एखाद्या बंदिस्त रिसॉर्टनेही गावाचा किनारा गावासाठी बंद होऊ शकतो. उलट स्लॅबची साधी घरे असलेल्या कोळीवाड्यात जाळी वाळत घालायला जागा असते, मासळीचे वाटे किनाऱ्यावरच पडतात आणि बायका पहाटे त्याच वाटेने पाट्या घेऊन बाजाराला जातात, तेव्हा तिथले जगणे शाबूत असते. घरांचे रूप जपावे, त्याची मलाही ओढ आहे. पण माझ्या मते तुमच्या गावाचे गावपण तीन गोष्टींवर उभे आहे: किनाऱ्यावरची रापणीची जागा, समुद्राकडे जाणाऱ्या वाटा आणि विहिरींचे गोडे पाणी.

वाटांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि नुकसान सर्वांत आधी तिथेच होते. किनारी गावातल्या बहुतेक पाणंदी, पाखाड्या आणि माडांच्या बागांमधून जाणाऱ्या पायवाटा सातबाऱ्यावर नसतात आणि गावनकाशावरही अनेकदा नसतात. कोणाच्या तरी बागेतून, त्याच्या मूक संमतीने, पिढ्यान् पिढ्या लोक जात आलेले असतात. पालखी त्याच वाटेने जाते, नारळी पौर्णिमेचा नारळ त्याच वाटेने जातो, पावसाळ्याआधी होड्या वर घ्यायला माणसे त्याच वाटेने उतरतात. मालक बदलला, गडगा पडला आणि त्या जागी पक्की भिंत आली की वाट एका दिवसात नाहीशी होते, आणि ती होती हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. वीस वर्षे विनाअडथळा, हक्क म्हणून केलेल्या वहिवाटीला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात संरक्षण आहे. अडवलेली वाट मोकळी करून घेण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, मात्र तो वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. बोलणी चालू आहेत, समजुतीने घेऊ, दिवाळीनंतर बघू, असे म्हणता म्हणता हे सहा महिने कसे निघून जातात ते किनारपट्टीवरच्या कितीतरी वाड्यांनी अनुभवले आहे.

म्हणून ग्रामसभेच्या आधीच एक काम हाती घ्या. वाडीतल्या जाणत्या माणसांना आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना बरोबर घेऊन समुद्राकडे आणि खाडीकडे जाणारी प्रत्येक वाट चालून बघा, तिचे फोटो काढा, ती कोणकोणत्या गट क्रमांकांतून जाते ते तलाठ्यांकडच्या नकाशावर उतरवून घ्या आणि कोण कशासाठी ती वापरतो ते जाणत्यांच्या सहीनिशी लिहून काढा. त्याच फेरीत रापणी कुठून कुठपर्यंत लागतात, होड्या कुठे ओढल्या जातात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्या झापांखाली कुठे ठेवतात, कासवे कुठे अंडी घालतात, मर्यादवेल पसरलेल्या वाळूच्या टेकड्या कुठे आहेत, हेही नोंदवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांच्या सहभागातून नोंदवही तयार करणे हे तिचेच काम आहे. ती समिती तुमच्याकडे कागदावरच असेल, तर तिला जागे करण्याची हीच वेळ आहे.

रापणीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण हा वाद मुख्यतः तिथे पेटणार आहे. रापण ही वाळूवर उभे राहून केली जाणारी मासेमारी आहे. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळे सोडते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात. त्यासाठी मोकळी वाळू लागते आणि समोरचे उथळ पाणीही मोकळे लागते. तिथे पर्यटकांच्या खुर्च्या मांडल्या, वेगवान बोटी फिरू लागल्या किंवा वाळूवर गाड्या आल्या, तर कोणीही रापण बंद करा असे न सांगताच ती बंद पडते. किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन सुविधांना २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून दहा मीटर अंतर राखून परवानगी देण्याची सोय केली आहे, म्हणजे नेमकी होड्या आणि जाळी असतात त्याच पट्ट्याजवळ. तेव्हा जलक्रीडा कुठे चालतील आणि रापणीची हद्द कुठली हे नकाशावर वेगळे दाखवा. हे अडवणुकीसाठी नाही. हद्द ठरलेली असेल तर पर्यटनावर जगू पाहणाऱ्या मुलांना आणि रापणकरांना दर हंगामात एकमेकांशी भांडावे लागणार नाही.

आता त्या पन्नास मीटरच्या गोष्टीबद्दल. कंपनीच्या माणसाने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे नवा किनारा व्यवस्थापन आराखडा झाल्यावर बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटर आहे. त्याहून कमी दाटीच्या गावांत तो भरतीरेषेपासून दोनशे मीटरच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची त्या जनगणनेतली सरासरी घनता १६३ आहे. एखाद्या गावाची वेगळी असू शकते, त्यामुळे जनगणना पुस्तिकेत तुमच्या गावाचा आकडा पाहा आणि आराखड्यावर तुमचे गट क्रमांक कोणत्या वर्गात दाखवले आहेत ते तपासा, पण तुमच्या गावाला पन्नास मीटरचा नियम लागू होण्याची शक्यता मला फार कमी वाटते. शिवाय वाळूच्या टेकड्या, कांदळवन आणि कासवांच्या विणीच्या जागा वेगळ्या, अधिक कडक वर्गात येतात. खाडीच्या बाजूला अंतराचा हिशेब वेगळा असतो, तोही पाहून घ्या.

याच अधिसूचनेच्या परिशिष्टात किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी ज्या अटी आहेत त्या कंपनीने तुम्हाला वाचून दाखवल्या असतील असे वाटत नाही. भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसता येत नाही आणि दोनशे ते पाचशे मीटरमध्ये भूजल यंत्रणेच्या संमतीनेच उपसता येते. बांधकाम दोन मजल्यांच्या आणि नऊ मीटर उंचीच्या आत असावे लागते, सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्र भूखंडाच्या एक तृतीयांशाहून अधिक चालत नाही, वाळूच्या टेकड्या सपाट करता येत नाहीत, कुंपणामुळे लोकांची किनाऱ्यावरची ये-जा अडता कामा नये आणि बांधकाम परिसराशी व स्थानिक वास्तुशैलीशी सुसंगत असावे लागते. तुम्ही यातली एकेक अट घेऊन ग्रामसभेत लेखी उत्तर मागा. सुरूच्या बनाला लागून असलेली ती बारा एकर दोनशे मीटरच्या रेषेच्या कोणत्या बाजूला येते, हा एकच प्रश्न नकाशा समोर ठेवून विचारला तरी चर्चेचा सूर बदलेल.

पाण्याचा हिशेब मी थोडा सविस्तर मांडते. भारतीय मानकांत हॉटेलसाठी दर खाटेमागे रोजचे सुमारे १८० लिटर पाणी धरतात. साठ खोल्या, खोलीत दोन माणसे, म्हणजे भरलेल्या दिवशी २१,६०० लिटर. पोहण्याचा तलाव आणि हिरवळ यात नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी रोजचे ५५ लिटर धरले आहेत, म्हणजे तेवढ्या पाण्यात जवळपास चारशे गावकऱ्यांची गरज भागते. आणि पर्यटकांचा मोठा हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो, जेव्हा पाऊस नसतो आणि विहिरी खाली जात असतात. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वाळूच्या भूस्तरात समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. उपशाने वरची पातळी एक फूट कायमची उतरली तर खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकते. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात, आणि माडांची बाग तोवर थांबत नाही. साठ खोल्यांचे सांडपाणी वाळूत शोषखड्डे खणून सोडले तर काय होईल, हे तुमच्या वाडीतल्या बायकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा की पाणी कुठून येणार, सांडपाण्याची प्रक्रिया कुठे होणार आणि शेजारच्या विहिरींची पातळी व खारेपणा दर महिन्याला मोजून फलकावर कोण लावणार, हे ठरल्याशिवाय ग्रामपंचायत कोणतेही ना-हरकत पत्र देणार नाही.

तरुणांच्या कामाबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवायची माझी इच्छा नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे उदाहरण सगळे देतात आणि ते खरेच मोलाचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले, घरचेच जेवू लागले. त्यात गावाच्या हातून जमीन गेली नाही आणि पैसा थेट घरात आला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर चालवतात, हे तर तुमच्या अगदी जवळचे उदाहरण. पण कासवांचा हंगाम थोड्या आठवड्यांचा असतो आणि बचत गटाच्या होडीत बसणारे पाहुणे मर्यादित असतात. एवढ्यावर सगळे गाव जगेल असे म्हणणे त्या मुलांवर अन्याय करणारे होईल. घराचा पाया आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिक लोकांनी घरात पाहुणे ठेवण्याला सीआरझेडच्या अधिसूचनेत वाव आहे, राज्याची निवास व न्याहारी योजना आहे, आणि २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची सोय आहे. वाडीत अशी वीस घरे उभी राहिली तर त्यांच्या एकत्र खोल्या एखाद्या लहान हॉटेलाइतक्या होतील, आणि हे वर्षभराचे काम असेल. त्याला स्वच्छता, हिशेब, आरक्षण आणि चांगले जेवण यांची शिस्त लागते आणि ती शिकवावी लागते. ग्रामपंचायतीने मुलांना पहिली मदत इथे करावी.

आणि तरीही रिसॉर्ट कायद्याच्या चौकटीत, योग्य अंतरावर, लहान आकारात येणार असेल, तर मी त्याला सरसकट विरोध करणार नाही. फक्त नोकऱ्यांची गोष्ट आकड्यांत मागा. किती जागा, कोणत्या कामाच्या, किती पगाराच्या, वर्षातले किती महिने, आणि स्वागतकक्ष, स्वयंपाकघर व व्यवस्थापन यांत गावातल्या मुलांना प्रशिक्षण देऊन किती वर्षांत घेणार. ‘स्थानिकांना प्राधान्य’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. मासळी, नारळ, भाजी, कोकम गावातून किती घेणार, हेही त्याच कागदावर असू द्या.

ग्रामसभेच्या ताकदीविषयी स्पष्ट राहिले पाहिजे. ठरावाने खासगी जमिनीची विक्री थांबत नाही, आणि बांधकामाच्या परवानग्या मुख्यतः तालुका-जिल्ह्याच्या कार्यालयांतून होतात. पण कारणे आणि नकाशा जोडलेला ठराव जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांच्याकडे गेला तर तो दुर्लक्षिणे अवघड होते, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठापर्यंत जायची वेळ आली तर तोच तुमचा पहिला पुरावा असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय किनारा समितीत स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे, मच्छिमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत ते शोधा आणि त्यांना गावात बोलवा. सर्वसाधारण सभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नुसती रजिस्टरवर उरकू देऊ नका, पाण्याचा विषय आधी तिथेच मांडा. आणि ठराव कंपनीच्या नावाने करू नका. गावाच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येकासाठी, गावातल्याच एखाद्या पैसेवाल्यासाठीसुद्धा, त्याच अटी असू द्या. गावातल्या माणसाने खाडीत भराव घातला तर गप्प बसणारी पंचायत बाहेरच्याला अडवू लागली, तर तिचे कोणी ऐकणार नाही.

आता दादांबद्दल. त्यांच्याशी गोव्यावरून वाद घालू नका. गोव्यात काहींना पैसा मिळाला हे खरे आहे, आणि तिथल्याच लोकांनी जमिनींचे रूपांतर थांबवण्यासाठी रस्त्यावर येऊन २००७ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा जमीनवापराचा आराखडा मागे घ्यायला सरकारला भाग पाडले हेही खरे आहे, पण या दोन्ही गोष्टींनी तुमच्या घरातला प्रश्न सुटणार नाही. मुंबईत भाड्याच्या किंवा कर्जाच्या घरात राहणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे पडून असलेल्या वाट्याचे पैसे हवेसे वाटले तर त्यात गावद्रोह नाही. त्यांना नेमकी किती रकमेची गरज आहे, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे आधी शांतपणे विचारा. सामाईक जमिनीचे सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून, वाटप करून घर, विहीर, किनाऱ्याकडची वाट आणि माडांची बाग कुटुंबाकडे ठेवायची आणि उरलेल्या भागाचाच विचार करायचा, हा एक मार्ग आहे. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली असे वाटप होते. दुसरा मार्ग म्हणजे विक्रीऐवजी नोंदणीकृत, ठराविक मुदतीचा भाडेपट्टा, ज्यात दादांना दरवर्षी उत्पन्न मिळेल आणि सातबाऱ्यावरचे नाव कायम राहील.

विकायचेच ठरले तर दोन गोष्टी दादांना माहीत असू द्या. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सहवारसाला आधी खरेदीचा हक्क सांगता येतो, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. राहत्या एकत्र घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. शिवाय शेतकरी नसलेल्या कंपनीला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते किंवा कायद्यातली एखादी सूट दाखवावी लागते; ती कोणती, हे विचारल्याशिवाय इसारा घेऊ नका. तुमच्या घराण्याची वंशावळ आणि जमिनीचा मूळ प्रकार पाहून यांतले नेमके काय लागू पडते, ते सांगायला मालवण किंवा कुडाळ न्यायालयात जमिनीची कामे करणारा वकील गाठा. त्याच्याकडे तुम्ही आणि दादा एकत्र जा, दादांना कळू न देता एकट्या जाऊ नका. शक्य असेल तर पुढच्या सुट्टीत त्यांना चार दिवस आधी बोलवा आणि वाटांची नोंद करायला निघाल की त्यांनाही बरोबर घ्या. वाडीतल्या जुन्या वाटांपैकी काही तुमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असतील, आणि त्या कागदावर पहिली सही त्यांचीच घ्या.